जनूकाकांचं एरंडेल

आमच्या घराचं पुढचं दार उघडताना रडतं. चांगलं मोठ्याने रडतं. नातवंडं हसतात, पाहुणे दचकतात, आणि विजेचा मीटर बघायला येणारा माणूस दर खेपेला सांगतो, "आजी, दोन थेंब तेल सोडा ना." मी म्हणते, राहू दे. बिजागरीला तेल लावायला कोणी पुढे झालं की माझं डोकं फिरतं, आणि त्या तेलाला एरंडेलाचा वास असला तर मी वयाचंही भान ठेवत नाही. घरातल्यांना हे ठाऊक आहे, कारण ठाऊक नाही. कारणाचं नाव जनूकाका.

जनूकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे चुलते. वसईजवळच्या गिरीजमध्ये त्यांची केळीची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये एक पायवाट आणि एक शेवगा, एवढंच अंतर. गाव त्यांना जनूभाऊ म्हणे. उंच, वाळलेले, धोतर पोटरीच्या वर, आणि अंगात बारा महिने तोच काळा कोट. कोटाच्या डाव्या खिशात एक चपटी बाटली. नव्या माणसाला वाटे, म्हातारा पितो. पीत असते तर किती बरं झालं असतं! दारू माणूस स्वतःच्या घशात ओततो. जनूकाकांच्या बाटलीत एरंडेल असे आणि ते नेहमी दुसऱ्याच्या कशात तरी ओतलं जाई.

लढाई संपून स्वराज्य आलं त्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा वाड्यांना पाणी रहाटाचं. सकाळी रेडे जुंपले की सगळं गाव रहाटांनी कुरकुरायला लागे. जनूकाका ओट्यावर राखुंडीने दात घासत बसत आणि कान लावत. "परशाच्या रहाटाचा आस कोरडा पडला." "खालच्या आळीत कोणीतरी रडतंय." तीन वाड्यांपलीकडचा रहाट त्यांना ऐकू येई, आणि जाऊन बघावं तर खरोखरच तो आस कोरडा असे. हे मी नाकारत नाही. त्यांचा स्वतःचा रहाट असा फिरे की पाटात पाणी पडल्याचाच तेवढा आवाज. आगाशी-बोळिंजकडचे बागाईतदार तो बघायला येत, मान डोलावत आणि बाटलीतलं तेल मागून नेत. एक गोष्ट उत्तम येते म्हणून गाव माणसाला आणखी चार गोष्टींत विचारतं, आणि मग तो न विचारताही सांगायला लागतो. जनूकाकांचं तसंच झालं होतं.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले. आल्या आल्या बोलले नाहीत, बसले नाहीत. खिशातली बाटली काढून दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांना तेल सोडलं, दार दोनदा पुढेमागे केलं, आणि मग म्हणाले, "हां. आता बोला." बोलणं झाल्यावर त्यांची नजर माझ्या पायांवर गेली.

"हिची चप्पल वाजते," ते माझ्या सासूला म्हणाले.

माझ्या आईने पालघरच्या बाजारातून घेऊन दिलेल्या नव्या चपला होत्या त्या. नव्या चामड्याची चप्पल वाजणारच. पण काकांनी त्या माझ्या पायांतून काढायला लावल्या, उलट्या केल्या आणि तेल पाजलं. चामडं काळं पडलं, फुगलं, आणि पावसाळ्याआधीच टाचेपासून सुटलं. ते बघून काका म्हणाले, "चालायची रीत नाय हिची. पाय घासत चालते."

ही त्यांची पद्धत. तेल त्यांचं, वस्तू तुमची. वस्तू टिकली तर तेलाने टिकली, मोडली तर तुम्ही मोडली.

त्यांना आवाज सहन होत नसे. काकू त्यांच्या घरात अशा वावरत की भांड्याला भांडं लागत नसे. शनिवारी सकाळी ते नात्यातल्या सगळ्या पोरांना एरंडेल पाजत फिरत, आणि शेवग्याच्या झाडाखाली काळा कोट दिसला की पोरं केळीत पसार होत. काका केळीच्या पानांआड हात घालून एकेकाची मानगूट धरून आणत. "आतून कोरडी झालीत कार्टी," म्हणत. माझी थोरली मुलगी त्या वासाने आजही ओकते, आणि तिला आता स्वतःची नातवंडं आहेत.

भजनी मंडळाची पेटी तर मी माझ्या डोळ्यांनी बघितली. आमच्या देवळात गोकुळाष्टमीला सात दिवस भजन चाले. पेटीवर भालू बसे. भालू म्हणजे परशाचा भाऊ, हाताला गोड, तोंडाने गरीब. त्या वर्षी पेटीचा भाता जरा सुस्कारे टाकत होता. मंडळी चहाला उठली तेवढ्यात काकांनी पेटी उघडून आत एरंडेल सोडलं, भात्यालाही आणि सुरांच्या पट्ट्यांनाही. पुढचा अभंग सुरू झाला आणि भालूने दाबलेली पट्टी वर येईना. मग दुसरी येईना. मंडप भरून सगळे सूर एकदम हंबरायला लागले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, मीही हसत होते.

काका उठून म्हणाले, "भालूचा हात जड हाय. त्यातून पानाचा हात. सुपारीचं पाणी आत गेलं."

भालूने आपले हात बघितले. तो पान खात नव्हता. पण एवढ्या मंडळींत जनूभाऊ म्हणाले म्हणजे खाल्लं असेल, असं त्यालाही वाटलं की काय कोण जाणे. त्यानंतर तो पेटीला बसला नाही. तेव्हा मी हसले, कारण पेटी माझी नव्हती आणि भालू माझा कोणी नव्हता. कोणाचं कधी काय जाईल हे त्या वेळी थोडंच कळतं!

आता लॉरीचं सांगते. आणि माझ्या नवऱ्याचं. त्याचं नाव वसंत. त्या काळात मी ते नाव कधी तोंडाने घेतलं नाही, उखाण्यापुरतं घेतलं असेल. आता मुद्दाम लिहिते. या हकिगतीत नुकसान झालं ते त्याच्या नावाचंच झालं, तेव्हा निदान इथे तरी ते स्वच्छ लिहिलेलं असावं.

वसंत लढाईत लष्कराच्या गाड्या चालवून आला होता. बागाईतदाराच्या मुलाने ड्रायव्हर व्हावं हे घरात कोणाला आवडलं नव्हतं, पण त्याला इंजिनाशिवाय दुसरं काही सुचत नसे. जेवताना बोलायचा तो इंजिनाविषयीच, आणि मी वाढता वाढता ऐकायची. म्हणून मला यातलं थोडं कळतं. गावातल्या काही वाडीवाल्यांनी मिळून डिझेलवर चालणारी एक जुनी लॉरी घ्यायची ठरवली तेव्हा चालवायला कोण, हा प्रश्नच नव्हता. बैलगाडीने केळी वसई रोड स्टेशनात पोचेपर्यंत आगगाडी निघून जाई आणि माल फलाटावर काळा पडे. लॉरी आली की तो त्रास संपणार होता. लॉरी बघणार वसंत, आणि लॉरीवर देखरेख करणार जनूकाका. त्यांना कोणी नेमलं ते मला आठवत नाही. ते कोट घालून पुढे उभे होते, एवढं आठवतं.

लॉरीची पूजा झाली. नारळ फुटला. वसंतने इंजिन चालू केलं, आणि ते डिझेलचं इंजिन जसं खडखडतं तसं खडखडलं. लोक मागे सरले. काका पुढे गेले, बोनेटला कान लावून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसं कोणी घरचं माणूस गेलंय.

"रडतंय," ते म्हणाले. "कोरडं हाय आतून."

वसंत हसला. तो आनंदात होता त्या दिवशी. "नाही हो काका," तो म्हणाला, "त्याचा आवाजच तसा असतो."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं आहे.

काकांनी ऐकून घेतलं आणि सगळ्या वाडीवाल्यांना देवळाच्या सभामंडपात बोलावलं. आम्ही बायका खांबामागे बसलो. वसंतने सरळ सांगायचा प्रयत्न केला. इंजिनाचं वंगण निराळं असतं, ते खाली त्याच्या जागी असतं. टाकीतलं डिझेल स्वतःच थोडं तेलकट असतं, आणि जो पंप डिझेल पुढे ढकलतो त्याला त्या तेलकटपणातूनच वंगण मिळतं. पंप जुना आहे, म्हणून वरून थोडं वंगण द्यावं असं कोणाला वाटलं तर तेही चालेल, लष्करात आम्ही चमचाभर इंजिन ऑइल टाकत असू. पण जे टाकाल ते डिझेलात विरघळणारं हवं. एरंडेल विरघळत नाही.

"एरंडेल तेल नाय?" काकांनी विचारलं. "मग काय ताक हाय?"

मंडप हसला. काकांनी काचेची एक पांढरी बाटली मागवली. अर्धी डिझेलने भरली, वरून एरंडेल ओतलं, बूच लावलं आणि खळाखळा हलवली. आतलं सगळं एकसारखं गढूळ दिसायला लागलं. त्यांनी ती बाटली हातोहात फिरवली. "बघा. कुठे हाय डिझेल आणि कुठे हाय एरंडेल? दाखव, वसंता." वसंत म्हणाला, जरा ठेवून द्या, मग बघू. पण तोवर ठरलं होतं. टाकी भरली की दर वेळी पावशेर एरंडेल घालायचं, आणि ते काका स्वतः घालणार, स्वतःच्या घाण्यावरचं. बाटली त्यांनी समईच्या कोनाड्यात ठेवून दिली.

बायका उठल्या तेव्हा मी कोनाड्याशी गेले. बाटलीत दोन थर झाले होते. वर सोनेरी डिझेल, खाली मधासारखं एरंडेल, मधली रेघ अशी स्वच्छ की बोटाने दाखवावी. मी नवी सून नव्हते, तरी पुरुषांच्या बैठकीत बोलायची पद्धत नव्हती. तरी बोलले. "काका, हे खाली बसलं."

सगळे वळून बघायला लागले. काका आले, बाटली उचलली, खळाखळा हलवली आणि माझ्यासमोर धरली. "आता?"

पुन्हा एकसारखं गढूळ.

"लॉरी काय कोनाड्यात बसणार हाय? लॉरी चालते, हलते. हलतं तोवर मिसळलेलंच राहणार." आणि माझ्या सासूकडे वळून म्हणाले, "सून हुशार हाय तुमची. फक्त आवाज जरा करते."

मला अजून त्या उत्तराचा राग येतो, कारण ते उत्तर चांगलं होतं. लॉरी खरंच हलायची. रोज केळ्यांचे करंडे, पानं, भाजी घेऊन स्टेशनला जायची, उलट येताना कधी वालीवकडचं भात आणायची. रोज टाकीत घुसळण होई. वसंत सुटी मिळाली की टाकी धुवायचा, गाळणी काढून रॉकेलमध्ये बुडवून साफ करायचा, आणि गप्प राहायचा. तो लॉरी चालवत होता असं म्हणण्यापेक्षा काकांच्या तेलापासून तिला वाचवत होता असं म्हटलं पाहिजे. श्रेय तेलाला मिळत होतं. "बघा, आता कमी रडते," काका सांगत. लॉरी होती तशीच खडखडत होती.

पौषात आमच्या देवाची जत्रा असते. जत्रेला लागून त्या वर्षी अमावास्या आली. काकांचा नेम असा की अमावास्येला चाक बाहेर काढायचं नाही. वसंत म्हणाला, एक फेरी तरी मारू दे, गाडी अशी उभी ठेवू नका, थंडी आहे. काकांनी ऐकलं नाही. लॉरी चिंचेखाली उभी राहिली, जत्रेचे दिवस आणि वर अमावास्या. आणि जे कोनाड्यातल्या बाटलीत झालं, तेच टाकीत झालं.

जत्रेनंतरच्या सकाळी लॉरी खच्चून भरली होती. तुंबलेला सगळा माल चढवला होता. वसंत म्हणाला, टाकी धुतल्याशिवाय मी काढत नाही. काका म्हणाले, माल सडवतोस काय? आणि स्वतः पुढच्या सीटवर चढून बसले. गावाबाहेर पडून स्टेशनचा रस्ता धरेपर्यंत इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

वसंतने खाली उतरून नळी सोडली. नळीतून काही येईना. लॉरीवर करंडे चढवायला खाडीकाठच्या गावचा एक गडी असे, पांडू. त्याने टाकीत काठी घालून वर काढली, बोट लावलं आणि म्हणाला, "जनूभाव, ह्ये पानी पन नाय, डिझेल पन नाय. तलाला मधासारखा गोळा बसलाय."

"कोरडी पडली," काका म्हणाले. "वंगण कमी पडलं."

आणि त्यांनी सीटखालचा एरंडेलाचा डबा काढला. वसंत आडवा आला. "काका, नका. हात जोडतो, नका ओतू. तासाभरात साफ करतो." काकांनी त्याला कोपराने बाजूला केलं आणि डबा टाकीत उपडा केला. मग हॅण्डल घेऊन पांडूला फिरवायला लावलं. फिरव, आणखी फिरव. वसंत हॅण्डल हिसकावायला गेला तर काका ओरडले, "पोरा, मी तुला मांडीवर खेळवलाय!" शेवटी आत काहीतरी तुटल्याचा आवाज पांडूलाही ऐकू आला. पंप अडकला तो अडकलाच. केळी ज्याची त्याने बैलगाड्या आणून परत नेली. आगगाडी तोवर निघून गेली होती.

मुंबईहून मिस्त्री आला. त्याने पंप उघडला, आतले ओरखडे बघितले आणि म्हणाला, "इंधनात भेसळ आहे." एवढंच म्हणाला, पंप घेऊन गेला. आणि जनूकाका ते वाक्य घेऊन घरोघर गेले.

भेसळ! ड्रायव्हर लोक डिझेल काढून विकतात आणि टाकीत रॉकेल भरतात, हे तेव्हा सगळ्यांनी ऐकलेलं होतं. वसंतच्या हाताला रॉकेलचा वास येतो हे सगळ्यांनी हुंगलेलं होतं. गाळणी साफ करणाऱ्या माणसाच्या हाताला दुसरा कसला वास येणार? पण काकांनी गणित जुळवून दिलं. रॉकेल कोरडं असतं. कोरडं चाललं म्हणून पंप गेला. एवढे दिवस टिकला तो एरंडेलामुळे टिकला. ज्याने पंप मारला तोच त्याचा वैद्य ठरला, आणि ज्याने जपला तो चोर.

पुन्हा सभामंडप. काका रागावले नव्हते, हे लिहायला हवं. दुखावले होते. डोळ्यांत पाणी होतं. "घरचाच पोरगा," ते म्हणत होते, "मी कुणाला तोंड दाखवू?" मी त्या वेळी इतकी जळत होते की खांबाला धरून उभी राहिले. पांडूला कोणी बोलावलंच नव्हतं. कोनाड्यातली बाटली अजून तिथेच होती, समईच्या काजळीने काळवंडलेली. मी ती पदराने पुसली आणि न हलवता सगळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवली. वर डिझेल, खाली एरंडेल. "बघा," मी म्हटलं. "यात रॉकेल कुणी घातलंय सांगा."

क्षणभर सगळे खरंच बघत होते. परशा पुढे वाकला. भालू वाकला. मग काकांनी हात लांब केला, बाटली उचलली आणि हलवली.

"मिसळतं," ते म्हणाले.

लोकांनी श्वास सोडला. मला तेव्हाच कळलं, यांना बघायचंच नव्हतं. बाटलीतलं खरं मानलं तर इतके दिवस माना डोलावल्या त्याचं काय करायचं?

पुजाऱ्याने नारळ आणला. वसंतने नारळावर हात ठेवला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, मी टाकीत रॉकेलचा थेंब घातला नाही. मग हात न उचलता म्हणाला, "आता काकांनी हात ठेवावा आणि सांगावं की एरंडेल डिझेलात विरघळतं."

मला वाटलं, आता अडकले. देवाला भिणारे होते ते. पण जनूकाका उठले, कोट सारखा केला, नारळावर हात ठेवला आणि जराही न अडखळता म्हणाले, "विरघळतं."

आमच्याकडे अशा दोन उलट शपथा पडल्या की पंच निकाल देत नाहीत. गाव वाट बघतं. वर्षाच्या आत ज्याच्या घरी काही अशुभ घडेल तो खोटा. तोवर लॉरी दुसऱ्याच्या हाती दिली आणि वसंतला वाट बघत बसायला सांगितलं. सभा उठेपर्यंत बाटलीत पुन्हा दोन थर झाले होते. तिकडे बघायला कोणी थांबलं नाही.

श्रावणात आमची म्हैस गेली. पोट फुगलं होतं. मी वाडीत होते, सासूबाई गोंधळून गेल्या, आणि बांबूची नळी घेऊन तिला औषध पाजायला शेवग्याखालून कोण धावत आलं, हे सांगायला नकोच. मी परत आले तेव्हा म्हैस पाय झाडत होती आणि गोठ्यात एरंडेलाचा वास भरला होता. काका तिच्या शेजारी उकिडवे बसून रडत होते, खरोखर रडत होते. म्हैस गेली आणि गावाला निकाल मिळाला.

वसंतला त्यानंतर गिरीजमध्येच काय, निर्मळ-बोळिंजपर्यंत कोणी गाडी दिली नाही. तो मुंबईला एका गॅरेजात राहिला. आठवड्याने यायचा, पायवाटेने मान खाली घालून यायचा आणि तसाच जायचा. माझ्या थोरलीला शाळेत मुली 'रॉकेलवाल्याची' म्हणत. ती घरी येऊन विचारायची, बाबांनी खरंच घातलं होतं का गं? पोटच्या मुलीने असं विचारावं, आणि ते वसंतने ओटीवर बसून ऐकावं! तो उठून आत आला. मला म्हणाला, "काकांनी एकदा म्हटलं ना, की चुकलं, तर मी उद्या परत येतो. मोठ्याने म्हणायला नको. माझ्या एकट्याशी म्हटलं तरी चालेल." एवढंच त्याला हवं होतं. मी ते काकूंच्या कानावर घातलं. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि चुलीकडे वळल्या.

वर्षं गेली. वाड्यांमधून एकेक रहाट निघाला आणि विहिरींवर डिझेलची इंजिनं बसायला लागली. जनूकाका शेवटपर्यंत रहाटाला चिकटून राहतील असं मला वाटलं होतं, पण एका सकाळी त्यांच्या विहिरीवर हिरवं कोरं इंजिन आलं. पूजेचं बोलावणं सगळ्या आळीला होतं. भाऊबंदकीत मर्तिकाला आणि पूजेला न जाऊन चालत नाही, म्हणून मीही गेले. वसंत मुंबईत होता.

काका म्हातारे झाले होते. कोट तोच, आता खांद्यावरून ओघळणारा. पूजा झाली, आणि ते टाकीत डिझेल भरायला बसले. टाकीच्या तोंडावर त्यांनी धुतलेलं पांढरं फडकं बांधलं होतं, दुहेरी. त्यावरून धार सोडत होते, मध्ये थांबून फडक्यावरचा कचरा बोटाने टिपत होते. किती जपून! मी बघत राहिले. आता बाटली निघेल, आता निघेल. डावा खिसा फुगलेला दिसत होता. डिझेल भरून झालं. त्यांनी झाकण लावलं, घट्ट फिरवलं, फडक्याने पुसलं. बाटली खिशातच राहिली.

कधी कळलं होतं त्यांना? म्हैस गेल्यावर? नारळावर हात ठेवला तेव्हा? की मी खांबामागून पहिल्यांदा बोलले तेव्हाच?

इंजिन चालू झालं आणि खडखडायला लागलं. जमलेले सगळे मागे सरले. परशाच्या मुलाने कानांवर हात ठेवून विचारलं, "जनूभाऊ, हे तर रडतंय हो! तेल नाय घालत?"

काका हसले. आनंदात होते. "नाय रे," ते म्हणाले, "त्याचा आवाजच तसा असतो."

भालू माझ्यासमोर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मग जमिनीकडे बघायला लागला.

मी पुढे गेले. काकांच्या अगदी जवळ, हात लावता येईल इतकी जवळ. "काका," मी म्हटलं, "हे वसंताचं वाक्य आहे."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतेस?"

"हे वसंताचं वाक्य आहे! तुम्हाला कळलं होतं!"

मी ओरडले होते. पाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या बायका वळून बघायला लागल्या, म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं. तीन वाड्यांपलीकडे कोरडा पडलेला आस ज्यांना ओट्यावर बसून ऐकू यायचा, त्या जनूकाकांनी इंजिनाकडे बोट दाखवलं, मान हलवली, म्हणजे या आवाजात काही कळत नाही, सूनबाई. आणि कान पुन्हा इंजिनाला लावून उभे राहिले.